बाया : ‘स्वयंशिक्षित’ या शब्दाआडचे शिक्षण

नवी दिल्ली : नोव्हेंबर १९४७ मध्ये पॅरिसमधील माएग कलादालनात एका अनोख्या प्रदर्शनाचे उद्घाटन झाले. मातीस आणि ब्राक यांच्यासारख्या आधुनिक कलेच्या दिग्गजांची चित्रे मांडणाऱ्या या दालनाच्या भिंतींवर त्या दिवशी अल्जीरियातील एका मुलीची चित्रे होती. तिला सोळावे वर्ष पूर्ण होण्यास अजून काही आठवडे बाकी होते. चित्रकलेचे शिक्षण सोडाच, तिने शाळेची पायरीही चढलेली नव्हती. भरजरी पारंपरिक पोशाखात ती पाहुण्यांसमोर उभी होती. पाहुण्यांमध्ये आल्बेर काम्यू होते आणि प्रदर्शनाच्या पुस्तिकेत अतिवास्तववादाचे प्रवर्तक आन्द्रे ब्रेताँ यांचा लेख होता.

ही मुलगी म्हणजे बाया. पॅरिसने तिचे भरभरून कौतुक केले. मात्र हे कौतुक ज्या शब्दांत झाले, त्या शब्दांनी पुढे तिचा पाठलाग सोडला नाही. ‘बालप्रतिभा’, ‘भोळी चित्रकार’, ‘अरबी सुरस कथांतून अवतरलेली मुलगी’ आणि ‘स्वयंशिक्षित’. नोव्हेंबर १९९८ मध्ये अल्जीरियातील ब्लिदा या शहरात बाया महिउद्दीन यांचे निधन झाले, तोपर्यंत यांपैकी एक ना एक विशेषण त्यांच्या नावाला चिकटलेलेच राहिले.

गेल्या काही वर्षांत बाया यांच्या चित्रांकडे जगाचे लक्ष पुन्हा वळले आहे. २०१८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ग्रे कलादालनात, २०२१ मध्ये शारजा कला संग्रहालयात, २०२२-२३ मध्ये पॅरिसच्या अरब जगत संस्थेत आणि त्यानंतर मार्सेय येथे त्यांच्या कलाकृतींची मोठी प्रदर्शने झाली. या निमित्ताने एक जुना प्रश्न नव्याने विचारला जात आहे. कलाशाळेत न गेलेल्या चित्रकाराला ‘स्वयंशिक्षित’ म्हणताना आपण नेमके काय सांगतो आणि काय झाकून ठेवतो? हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. कलाकृती संग्रहालयाच्या कोणत्या विभागात लागणार, तिच्याखालच्या पाटीवर काय लिहिले जाणार आणि कलेच्या इतिहासात तिला प्रकरण मिळणार की तळटीप, हे बऱ्याचदा अशा एका विशेषणावर ठरते.

मराठी वाचकाला हे नाव वाचताना क्षणभर वेगळाच अर्थ जाणवेल. योगायोग असा की या चित्रकर्तीने आयुष्यभर खरोखरच बायाच रंगवल्या. त्यांच्या चित्रांत पुरुष जवळजवळ नाहीतच.

मातीपासून सुरुवात

बाया यांचे मूळ नाव फातमा हद्दाद. १२ डिसेंबर १९३१ रोजी अल्जिअर्सजवळच्या बोर्ज अल किफान या गावी त्यांचा जन्म झाला. फ्रेंच राजवटीत या गावाला फोर-द-लो म्हणत. घराण्याची मुळे अरब आणि कबाइली अशी दोन्हीकडची होती. कबाइली म्हणजे अल्जिअर्सच्या पूर्वेकडील डोंगराळ भागातील अमाझिग लोक. अरबांच्या आगमनापूर्वीपासून उत्तर आफ्रिकेत नांदणाऱ्या समाजांपैकी हा एक. लहानपणीच आई-वडिलांचे छत्र हरपल्याने बाया आजीकडे वाढल्या. आजी वसाहतवाल्या फ्रेंचांच्या शेतावर मजुरी करीत असे आणि नातही तिच्या हाताखाली राबत असे. या शेतावर मुख्यतः फुलांची लागवड होती, ही बाब पुढे त्यांची चित्रे पाहताना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

शेताच्या मालकिणीची बहीण मार्गरीत कामिना एकदा तेथे आली असता, ही मुलगी मातीतून प्राणी आणि स्त्रियांच्या आकृती घडवताना तिला दिसली. त्यानंतर कामिना यांनी तिला अल्जिअर्समधील आपल्या घरी नेले. ते घर चित्रे आणि पुस्तकांनी भरलेले होते. कामिना स्वतः चित्रे काढीत आणि त्यांचे तेव्हाचे पती फ्रँक मॅकइवन हेही चित्रकार होते. या घरात बाया यांचे स्थान दुहेरी होते. त्या घरकाम करीत, आणि मानसकन्याही होत्या. कामिना यांनी त्यांना कागद आणि रंग दिले, लिहिण्या-वाचण्याची सोय केली. चित्र कसे काढावे हे मात्र शिकवले नाही. ‘स्वयंशिक्षित’ या शब्दाचा आधार एवढाच.

परंतु कोऱ्या कागदासमोर बसलेल्या त्या मुलीचे मन कोरे नव्हते.

कबाइली खेड्यांत भांडी घडवण्याचे काम परंपरेने स्त्रियांचे. चाक न वापरता, मातीच्या वळकट्या एकावर एक रचून त्या घागरी, सुरया आणि वाडगे हाताने उभे करतात आणि उघड्या जाळात भाजतात. भांड्यांवर त्रिकोण, शंकरपाळ्याच्या आकाराचे चौकोन, नागमोडी रेषा आणि ठिपके यांची दाट नक्षी असते. हीच चिन्हे घराच्या आतील भिंतींवर, विणलेल्या सतरंज्यांवर आणि प्रौढ स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर गोंदणाच्या रूपात दिसत. या विद्येची शाळा नव्हती, पण शिक्षण नक्कीच होते. आईने मुलीला, सासूने सुनेला द्यायचे, पाहून आणि करून शिकायचे. त्याची पदविका कोणी दिली नाही, म्हणून ते शिक्षणच नव्हते असे मानण्याची सवय मात्र आपल्याला लागली आहे.

त्याला जोड होती लोककथांची. आजी आणि घरातील स्त्रिया सांगत त्या कथांत बोलणारे पक्षी होते, माणसांना गिळणाऱ्या राक्षसिणी होत्या, हरवलेल्या आया होत्या. पॅरिसमधील प्रदर्शनाच्या वेळी माएग यांच्या ‘देरिएर ल मिर्वार’ या प्रकाशनाच्या सहाव्या अंकात ब्रेताँ यांच्या लेखासोबत बाया यांनी स्वतः सांगितलेली एका मोठ्या पक्ष्याची कथाही छापली गेली होती. ब्रेताँ यांचा लेख वारंवार उद्धृत होतो. त्याच अंकातील त्या मुलीच्या कथेचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो.

चित्रांत काय दिसते?

बाया यांचे काम बहुतांशी कागदावर आणि गुआश रंगांत आहे. गुआश म्हणजे पाण्यात कालवायचे, पण अपारदर्शक रंग. आपल्याकडील पोस्टर कलरच्या जातकुळीतले. गडद गुलाबी, फिरोजी निळा, पाचूसारखा हिरवा आणि गर्द जांभळा हे त्यांचे लाडके रंग. ते शेजारी शेजारी, न मिसळता, ठाशीव बाह्यरेषेत भरलेले असतात. सावली नाही, दूर-जवळचा भास नाही, क्षितिजरेषा नाही. मध्यभागी एक किंवा दोन स्त्रिया, त्यांच्या घोळदार झग्यांवर ठिपके, पाने, चौकड्या. भोवती पक्षी, फुलपाखरे, मासे, फुलदाण्या. कागदाचा कोपरा न् कोपरा भरलेला.

या चित्रांसमोर उभे राहिल्यावर सर्वांत आधी जाणवतो तो डोळा. बदामी आकाराचा, काजळाने रेखलेला, चेहऱ्याच्या मानाने फार मोठा. चेहरा एका बाजूने दाखवलेला असला तरी हा डोळा पूर्ण उघडा असतो. पक्ष्यांना आणि माशांनाही तसाच डोळा. अल्जीरियन लेखिका आसिया जेबार यांनीही बाया यांच्या चित्रांतील या नजरेविषयी लिहिले आहे. पाश्चात्त्य चित्रकारांनी दीड शतक अल्जीरियन स्त्रीला पाहण्याची वस्तू म्हणून रंगवले. १८३४ मधील देलाक्रुआ यांचे ‘अल्जिअर्सच्या स्त्रिया’ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. बाया यांच्या कागदावरची स्त्री पाहून घेत नाही, ती पाहते.

झग्यांवरील नक्षीत कबाइली भांड्यांची आणि विणकामाची आठवण सहज पटते. तरीही ही नक्कल नाही. मातीच्या भांड्यावर मोजक्या रंगांत राहणारी भूमिती येथे झगझगीत रंगांत न्हाऊन निघते, आणि परंपरेत मोठ्या प्रमाणावर नसलेली मानवी आकृती मध्यभागी येते. ती स्त्री म्हणजे अकाली गमावलेली आई, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेलही. पण प्रत्येक चित्राचा अर्थ अनाथपणात शोधण्याची घाई केली की पुन्हा त्या ‘दुर्दैवी बालिके’च्या कथेपाशीच पोहोचण्याचा धोका असतो.

पॅरिसला काय हवे होते?

अल्जिअर्समधील शिल्पकार झाँ पेरिसाक यांनी बाया यांची चित्रे एमे माएग यांना दाखवली आणि त्यातून पॅरिसचे प्रदर्शन घडले. तो काळ समजून घेतल्याशिवाय त्या स्वागताचा अर्थ लागत नाही. मे १९४५ मध्ये सेतीफ, गुएल्मा आणि खेराता या भागांत फ्रेंच सैन्याने आणि सशस्त्र वसाहतवाल्यांनी हजारो अल्जीरियनांची हत्या केली होती. सप्टेंबर १९४७ मध्ये फ्रान्सने अल्जीरियासाठी नवा कायदा केला; समतेची भाषा करणाऱ्या त्या कायद्याने प्रतिनिधिगृहात अल्पसंख्य युरोपीयांना आणि बहुसंख्य मुस्लिमांना सारख्याच जागा दिल्या. त्यानंतर दोनच महिन्यांनी एका अल्जीरियन मुलीचे पॅरिसमध्ये कौतुक होत होते. फ्रान्स आणि अल्जीरिया यांच्यातील सलोख्याचे ते सोयीचे चित्र होते.

ब्रेताँ वसाहतवादाचे विरोधक होते, त्यांचा हेतू वेगळा होता. युद्धाने होरपळलेल्या, तर्कबुद्धीवरचा विश्वास उडालेल्या युरोपला नवी सुरुवात हवी आहे आणि त्या सुरुवातीची राणी ही मुलगी आहे, असा त्यांच्या लेखाचा सूर. सुगंधी द्रव्यांच्या प्राचीन ‘सुखी अरबस्तान’ची प्रतिमाही त्यात येते. गौरव मोठाच, पण त्यात बाया नावाची विशिष्ट मुलगी, तिचे गाव, तिची आजी, तेथील मातीकाम यांना फारशी जागा नव्हती. सरकारला सलोख्याचे प्रतीक हवे होते, कवीला निष्पापतेचे. दोघांनाही तिने काही न शिकलेले असणे सोयीचे होते.

त्यानंतर बाया यांनी दक्षिण फ्रान्समधील वालोरिस येथील मादुरा कुंभारकामाच्या कार्यशाळेत काम केले. त्याच सुमारास पाब्लो पिकासोही तेथे भांडी घडवीत होते. या शेजाराबद्दल बरेच लिहिले गेले असून, डिसेंबर १९५४ ते फेब्रुवारी १९५५ या काळात पिकासो यांनी केलेल्या ‘अल्जिअर्सच्या स्त्रिया’ या १५ चित्रांच्या मालिकेमागे बाया यांची प्रेरणा असल्याचा दावा अनेक ठिकाणी आढळतो. ही मालिका देलाक्रुआ यांच्या चित्रावरून उघडपणे बेतलेली आहे, मातीस यांच्या निधनानंतर लगेचच सुरू झालेली आहे आणि अल्जीरियन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली ठिणगी पडून तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते. त्यातील शेवटचे चित्र २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १७ कोटी ९० लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. बाया यांचे मोठेपण पिकासो यांच्या प्रेरणास्थानावरून मोजण्याची गरज आहे का, हा खरा प्रश्न. मातीत हात घालण्यासाठी त्या मुलीला वालोरिसला जावे लागले नव्हते. ते तिला फुलांच्या शेतावरच येत होते.

दहा वर्षांचा खंड

१९५३ मध्ये बाया यांचा विवाह ब्लिदा येथील संगीतकार अल हाज महफूझ महिउद्दीन यांच्याशी झाला. ते त्यांच्याहून सुमारे तीस वर्षांनी मोठे होते आणि हा त्यांचा दुसरा विवाह होता. बाया यांना सहा मुले झाली. विवाहानंतर सुमारे दहा वर्षे त्यांनी चित्रे काढली नाहीत.

हा खंड बहुतेक लेखांत एका ओळीत उरकला जातो. त्या दशकात घराबाहेर काय घडत होते? नोव्हेंबर १९५४ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध पेटले आणि १९६२ मध्ये देश स्वतंत्र होईपर्यंत ते चालले. ज्या वर्षी बाया ब्लिदाला आल्या, त्याच वर्षी वसाहतवादाचे भाष्यकार फ्रान्त्झ फानो त्या शहरातील मनोरुग्णालयात डॉक्टर म्हणून रुजू झाले होते. छळ सोसलेले आणि छळ करणारे असे दोन्ही प्रकारचे रुग्ण त्यांच्यासमोर येत. ते शहर आणि ते घर यांत बाया यांच्या वयाची बावीस ते बत्तीस ही वर्षे गेली. पॅरिसने ज्या ‘बालप्रतिभे’ला डोक्यावर घेतले होते, ती प्रौढ स्त्री झाल्यावर कोणत्याही दालनाला तिची उणीव भासल्याचे दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर अल्जिअर्सच्या राष्ट्रीय ललित कला संग्रहालयाची धुरा झाँ द मेझोनसल यांच्याकडे आली. त्यांनी बाया यांना पुन्हा चित्रांकडे वळण्याचा आग्रह केला. १९६३ मध्ये संग्रहालयाने त्यांच्या कलाकृती घेतल्या व प्रदर्शित केल्या, आणि बाया पुन्हा कागदासमोर बसल्या. यानंतरची चित्रे आकाराने मोठी आणि रचनेने अधिक भरगच्च आहेत. त्यांत एक नवी गोष्ट आली, ती म्हणजे वाद्ये. ऊद, मॅन्डोलिन, सारंगीसारखी तंतुवाद्ये स्त्रियांच्या हातांत, फुलांमध्ये, कधी पक्ष्यांच्या गळ्याइतकीच वळणदार.

ती वाद्ये घरातूनच आली होती. महफूझ महिउद्दीन हे अरब-अंदालुसी संगीताचे कलावंत. स्पेनमधून परागंदा झालेल्या मुस्लिम आणि ज्यू समाजांनी हे संगीत उत्तर आफ्रिकेत आणून जोपासले. अॅटलस पर्वताच्या पायथ्याशी वसलेले ब्लिदा हेही सोळाव्या शतकात अंदालुसी निर्वासितांनी भरभराटीला आणलेले, पाणी आणि बागांसाठी ओळखले जाणारे शहर. त्याला ‘गुलाबांचे शहर’ म्हणतात. अशा रीतीने कबाइली मातीकामाच्या जोडीला दुसरा, वेगळ्या काळातून आणि वेगळ्या वाटेने आलेला वारसा त्यांच्या कागदावर उतरला. ‘प्राचीन वारशाची प्रेरणा’ असे म्हणताना तो वारसा एकच आणि गोठलेला असल्याचा समज होतो. बाया यांच्या बाबतीत तो स्वयंपाकघरातला, अंगणातला आणि दिवाणखान्यातला रोजचा व्यवहार होता.

गोंदण आणि बॉम्ब

१९६७ मध्ये अल्जीरियात ‘औशेम’ नावाचा कलावंतांचा गट पुढे आला. या शब्दाचा अर्थच गोंदण. शुकरी मेसली आणि देनी मार्तिनेझ हे त्याचे प्रमुख. नव्या देशाची कला युरोपची नक्कल नसावी आणि सरकारी वीरगाथांची सजावटही नसावी, ही त्यांची भूमिका. आपली चळवळ सहारातील तासिली पठारावरच्या गुहाचित्रांत हजारो वर्षांपूर्वीच जन्मली, असे त्यांच्या जाहीरनाम्यात म्हटले होते. भांडी, विणकाम आणि गोंदणातील चिन्ह बॉम्बपेक्षाही बलवान असल्याचा दावाही त्यात होता. भिंतींवर आणि कातडीवर ही चिन्हे जपली ती स्त्रियांनी. या गटातील कलावंतांत बाया यांचे नाव होते.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पॅरिसमध्ये ज्या वारशामुळे त्या ‘भोळ्या’ ठरल्या, त्याच वारशामुळे अल्जिअर्समध्ये त्या आधुनिक ठरल्या. कलाशाळांतून शिकून आलेले तरुण चित्रकार ज्या चिन्हांकडे जाणीवपूर्वक परतत होते, ती चिन्हे बाया यांनी कधी सोडलीच नव्हती. स्वतः बाया यांनी मात्र अतिवास्तववादी, भोळी किंवा अन्य कोणतीही पाटी मान्य केली नाही. आपण रंगवतो तेव्हा आनंदात आणि दुसऱ्याच जगात असतो, एवढेच त्या सांगत.

१९७९ मध्ये पतीचे निधन झाले. १९८२ मध्ये मार्सेयच्या कान्तिनी संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन झाले आणि फ्रान्सने त्यांना दुसऱ्यांदा ओळखले. १९९० च्या दशकात अल्जीरिया अंतर्गत हिंसाचारात होरपळून निघाला. ब्लिदाचा परिसर त्याच्या सर्वाधिक झळा सोसणाऱ्या भागांपैकी होता. कलावंत, पत्रकार आणि लेखक यांच्या हत्या होत होत्या, अनेकांनी देश सोडला. बाया यांनी ब्लिदा सोडले नाही. गुलाबी झगे, निळे पक्षी आणि उघडे डोळे त्या वर्षांतही कागदावर उतरत राहिले. ९ नोव्हेंबर १९९८ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्याच शहरात त्यांचे निधन झाले.

मार्गरीत कामिना यांनी जपून ठेवलेली पत्रे, छायाचित्रे आणि टिपणे आता फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हान्स येथील सागरपार वसाहतींच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पॅरिस आणि मार्सेय येथील अलीकडच्या प्रदर्शनांना या कागदपत्रांचा मोठा आधार होता. एका वसाहतीच्या दप्तरांशेजारी, त्याच इमारतीत, त्या वसाहतीतील एका मजूर स्त्रीच्या नातीच्या सुरुवातीच्या वर्षांची ही नोंद सांभाळलेली आहे. अभ्यासक तेथे जाऊन आता ब्रेताँ यांच्या लेखाऐवजी त्या मुलीने सांगितलेल्या गोष्टी वाचू लागले आहेत.